शर्यत संपते, गर्दी सुटते

मोटारींची मोठी शर्यत पाहायला जायचं ठरलं की दोन प्रश्न निघतात. तिकीट केवढ्याचं, आणि जायचं कशानं? पहिल्याचं उत्तर आयोजक देतात. दुसऱ्याचं प्रत्येकाकडे तयार असतं: स्वतःची गाडी काढायची, पहाटे निघायचं, फाटकाजवळचं पार्किंग धरायचं आणि शेवटच्या दोन-तीन फेऱ्या सोडून गर्दीच्या आधी बाहेर पडायचं. अनुभवी माणसं हा सल्ला मोठ्या आत्मविश्वासाने देतात. मला तो उथळ वाटतो. एकट्या माणसाने पाळला तर तो उपयोगी पडतो. सगळ्यांनी पाळला तर कोणाच्याच उपयोगाचा राहत नाही. आणि लाखाच्या गर्दीबद्दल बोलायचं तर सगळ्यांबद्दलच बोलावं लागतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. वाहन निवडायचं ते परतीचा विचार करून, आणि परतीची निवड प्रेक्षकाच्या हातात फारशी उरलेलीच नसते. शर्यत कुठे भरवली, तिकिटासोबत काय विकलं आणि शर्यत संपल्यावर रस्ता आधी कोणाला दिला, या तीन निर्णयांत ती आधीच होऊन गेलेली असते. हे निर्णय आयोजक आणि प्रशासन घेतात. प्रेक्षकाला मात्र आपण गाडीची निवड केली असं वाटत राहतं.

कारंजा (घाडगे) इथून पाहिलं की हे जास्त स्वच्छ दिसतं. नागपूर-अमरावती महामार्गावरचं हे तालुक्याचं गाव, नागपूरपासून पाऊणशे-ऐंशी किलोमीटर. गावाला रेल्वे नाही. एसटी, ट्रॅव्हल्स, काळीपिवळी आणि घरची दुचाकी-चारचाकी एवढाच काय तो पर्याय. महानगरातल्या माणसाला पाच साधनांतून एक निवडायची सवय असते. इथल्या माणसाला शेवटची बस किती वाजता आहे, हे आधी पाहावं लागतं.

१. हजार किलोमीटर सोपे, शेवटचे दहा अवघड

भारतातली फॉर्म्युला वन शर्यत ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर तीनदा झाली: २०११, २०१२ आणि २०१३. तिन्ही वेळा सेबॅस्टियन फेटेल जिंकला. त्यानंतर सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच सर्किटवर मोटारसायकलींची मोटोजीपी झाली. २०२४ साठी ठरलेली फेरी झालीच नाही.

आता कारंज्याहून तिथे कसं जायचं ते पाहा. एसटीने नागपूर, किंवा कोंढाळीवरून काटोल गाठायचं आणि दिल्लीची गाडी पकडायची. नागपूर ते दिल्ली सुमारे १,०९० किलोमीटर. आरक्षण मिळालं तर हा प्रवास झोपेत होतो. दिल्लीपासून सर्किट पन्नासेक किलोमीटर. पहिल्या शर्यतीच्या वेळी मेट्रो नोएडा सिटी सेंटरपर्यंत आली होती, पण तिथून पुढे तीसेक किलोमीटरचा रस्ता उरत होता. ज्या यमुना एक्स्प्रेसवेच्या कडेला सर्किट बांधलं, तो जनतेसाठी खुला झाला ऑगस्ट २०१२ मध्ये, म्हणजे पहिली शर्यत होऊन गेल्यावर. नोएडा-ग्रेटर नोएडा अ‍ॅक्वा लाइन २०१९ मध्ये सुरू झाली, तीही सर्किटच्या अलीकडे काही किलोमीटरवर संपते. म्हणजे सर्किट पूर्ण, गॅलऱ्या पूर्ण, लाखभर माणसांना बसायची सोय पूर्ण, आणि एवढ्या माणसांना रुळावरून बाहेर काढणारी एकही व्यवस्था त्याच्या दारात नाही. ट्रॅकची आखणी करणारा हरमान टिल्के जगातला नावाजलेला माणूस. ट्रॅकबाहेरच्या आखणीसाठी असं कुठलं नाव चर्चेत आल्याचं मला आठवत नाही.

या प्रवासातला लांबचा भाग सोडवलेला आहे आणि तो सोडवला रेल्वेने. अडतं ते शेवटच्या दहा-वीस किलोमीटरवर. तरी सल्ले सगळे लांबच्या भागाबद्दल: विमान की रेल्वे, दिल्लीत राहायचं की नोएडात.

२. गर्दीच्या आकारापेक्षा सुटण्याची वेळ

‘एवढी गर्दी म्हटल्यावर कोंडी होणारच’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकतो की ते खरंच वाटायला लागतं. महाराष्ट्राचाच अनुभव त्याच्या उलट आहे. आषाढीला पंढरपुरात शर्यतीच्या कितीतरी पट माणसं येतात. एसटी महामंडळ अलीकडच्या वर्षांत त्यासाठी पाच हजारांच्या आसपास जादा गाड्या सोडतं, गावाबाहेर तात्पुरती बसस्थानकं उभारतं, आणि एका गावातून चाळीस किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर थेट गावातून बस देतं. नागपुरात दीक्षाभूमीवर अशोक विजयादशमीला लाखो लोक येतात. विशेष गाड्या, शहरबस आणि पायी चालणं यांच्या बळावर ते येतात आणि परत जातात.

तिथे त्रास होत नाही असं मी म्हणत नाही. हाल होतात, विशेषतः म्हाताऱ्यांचे. पण त्या गर्दीला शेवटची शिट्टी नसते. कोणी एकादशीला चंद्रभागेत स्नान करून कळसदर्शन घेऊन निघतो, कोणी दर्शनबारीत रात्र काढून द्वादशीला निघतो, कोणी पौर्णिमेपर्यंत राहतो. लोक आपोआप दोन-चार दिवसांवर विभागले जातात.

शर्यतीचं तसं नाही. येताना लोक पांगलेले असतात. फाटकं सकाळी उघडतात, मुख्य शर्यतीआधी छोट्या शर्यती असतात, कोणी आठला येतो, कोणी बाराला. काळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा मात्र एकाच क्षणी फडकतो आणि सगळे एकदमच उठतात. सकाळी चार-पाच तासांत आत गेलेली गर्दी संध्याकाळी अर्ध्या तासात बाहेर पडू पाहते. रस्ता तेवढाच असतो. सकाळी विनासायास पोहोचलेला माणूस म्हणूनच फसतो: जाताना जमलं तसं येतानाही जमेल, असं त्याला वाटतं.

आयोजक अडाणी नसतात, त्यांना हे कळतं. सिंगापूरला रात्रीच्या शर्यतीनंतर आणि सिल्व्हरस्टोनला रविवारी संध्याकाळी गाण्याचे मोठे कार्यक्रम ठेवतात. त्यात रंजन आणि कमाई आहेच, पण हजारो माणसं आणखी दोन तास आत थांबली की बाहेरच्या रस्त्यावरचा भारही तेवढा हलका होतो.

३. रांगेचा हिशोब

आता थोडी आकडेमोड. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, कोणत्याही एका शर्यतीचे नाहीत. वाचकाने ते बदलून पाहावेत.

एक लाख प्रेक्षक धरू. सगळे मोटारीने आले, दर गाडीत तिघे. म्हणजे सुमारे ३३ हजार गाड्या. एका गाडीला उभं राहायला आणि वळायला मिळून २५ चौरस मीटर जागा लागते, म्हणजे सगळ्या मिळून दोनशे एकरांच्या आसपास. एवढी जमीन मिळेलही. पण बाहेर पडायला समजा रस्त्याच्या चार पदऱ्या मोकळ्या आहेत. पार्किंगमधून वळत, एकमेकांत मिसळत निघणाऱ्या गाड्या एका पदरीतून तासाला १,५०० गेल्या तर ते चांगलंच म्हणायचं. चार पदऱ्यांतून ६,००० गाड्या. शेवटची गाडी साडेपाच तासांनी बाहेर पडते. सायंकाळी पाचला शर्यत संपली असेल तर रात्री साडेदहाला.

यातल्या दोन पदऱ्या फक्त बसना द्या. दर बारा सेकंदांनी एक बस म्हणजे एका पदरीतून तासाला ३००. साध्या एसटीत ४४ आसनं. एका पदरीतून तासाला १३,२०० माणसं, तर मोटारींच्या पदरीतून ४,५००. दोन पदऱ्या बसच्या, दोन मोटारींच्या, असं केलं तर तासाला एकूण ३५,४०० माणसं निघतात आणि पावणेतीन-तीन तासांत मैदान रिकामं होतं. या योजनेत चौघांपैकी एक माणूस अजून मोटारीनेच येतो. त्यालाही पूर्वीच्या निम्म्या वेळात बाहेर पडता येतं. बसला रस्ता देणं म्हणजे मोटारवाल्यावर अन्याय, ही ओरड या हिशोबात टिकत नाही. त्याच्या पुढची गर्दी बसमध्ये बसली, हाच त्याचा फायदा. बसच्या खेपा लागतील साधारण सतराशे, आणि जवळच्या स्थानकापर्यंत ये-जा करणाऱ्या असतील तर गाड्या त्याहूनही कमी पुरतील. एका वारीला एसटी किती गाड्या काढते ते वर सांगितलंच आहे.

‘लवकर निघा’ या सल्ल्याचं काय होतं तेही इथेच पाहू. विल्यम विक्री या अर्थतज्ज्ञाने १९६९ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’तल्या लेखात अरुंद जागेवर साठणाऱ्या रांगेचं गणित मांडलं. १९९६ मध्ये त्याला नोबेल मिळालं ते दुसऱ्या कामासाठी, पण वाहतुकीचा अभ्यास करणारे आजही त्या लेखापाशी येतात. सगळ्यांना एकाच वेळी एकाच नरसाळ्यातून जायचं असलं की रांगेत गेलेला वेळ हा निव्वळ तोटा असतो. तो कोणाच्याच खिशात जात नाही. टोल दिला तर पैसे निदान कोणाला तरी मिळतात, रांगेतले तास कोणालाच मिळत नाहीत. एकाने दहा मिनिटं आधी निघून फायदा करून घेतला तर तो बाकीच्यांना एक जागा मागे ढकलतो. सगळेच दहा मिनिटं आधी निघाले तर रांग दहा मिनिटं आधी सुरू होते, आणि हजारोंच्या तिकिटातल्या शेवटच्या फेऱ्या बुडतात त्या वेगळ्या. नरसाळ्याचं तोंड रुंद करणं किंवा त्यातून दर तासाला जास्त माणसं काढणं, एवढे दोनच इलाज आहेत. हुशारी हा इलाज नाही.

४. तीन ठिकाणं, तीन उत्तरं

झांडफोर्ट हे नेदरलँड्समधलं समुद्रकाठचं गाव, वस्ती सतरा हजारांच्या आसपास. १९८५ नंतर तिथली फॉर्म्युला वन शर्यत बंद पडली होती, ती २०२१ मध्ये परत आली. गावात येणारे रस्ते मोजके आणि अरुंद. प्रशासनाने सरळ ठरवलं की शर्यतीच्या दिवसांत परवान्याशिवाय मोटार गावात येणार नाही. मग रेल्वेमार्गाची वीजव्यवस्था आणि फलाट वाढवून तासाला बारा, म्हणजे दर पाच मिनिटांनी एक गाडी सोडली. बाकीच्यांसाठी बस आणि सायकल. स्थानकावरून ट्रॅकपर्यंत लोक चालत जातात. डच लोकांना सायकलचं वेड आहे म्हणून हे जमलं, असं म्हणून आपण सुटका करून घेतो. वेड मदतीला आलं असेल. पण रूळ कोणी वेडापायी टाकत नाही, त्यासाठी शर्यतीच्या आधी पैसे मंजूर व्हावे लागतात.

सिल्व्हरस्टोन याच्या उलट. दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी, भोवती शेतं आणि खेडी, जवळ रेल्वे नाही. शेतातलं पार्किंग हाच तिथला आधार. २००० साली ब्रिटिश ग्रांप्री एप्रिलमध्ये आली, पाऊस लागला, शेतांचा चिखल झाला आणि शनिवारी सार्वजनिक पार्किंग बंद करून लोकांना येऊ नका म्हणावं लागलं. रस्ता सुधारला, पण २०१२ च्या जुलैत पुन्हा पाऊस आला आणि पुन्हा शनिवारी प्रेक्षकांना घरी थांबण्याची विनंती झाली. दुसऱ्या वेळी रस्ता होता, जमीन नव्हती.

विदर्भाच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. आपली काळी कापसाची माती पाणी प्यायली की फुगते, चाक धरून ठेवते. सप्टेंबरात एका सरीने दोनशे एकरांचं पार्किंग ट्रॅक्टरने ओढल्याशिवाय रिकामं होणार नाही. गुळगुळीत कागदावर ‘पी-१, पी-२’ असे चौकोन आखणाऱ्यांनी ती माती एकदा पायाखाली घेऊन पाहावी.

तिसरं उत्तर आपल्या शेजारचं. ११ फेब्रुवारी २०२३ ला हैदराबादेत हुसेनसागरच्या काठी शहराच्या रस्त्यांवर विजेच्या मोटारींची फॉर्म्युला ई झाली. कारंज्याला ग्रेटर नोएडापेक्षा हे कितीतरी जवळ: वर्धा, हिंगणघाट आणि पुढे ४४ क्रमांकाचा महामार्ग. प्रेक्षकांच्या दृष्टीने जागा उत्तम होती. खैरताबाद, लकडी-का-पूल ही मेट्रो स्थानकं चालत जाण्याजोगी, लोक पाच दिशांनी पांगू शकत होते. पण ट्रॅक म्हणजे शहराचेच रस्ते. ते आधीपासून बंद ठेवावे लागले आणि ज्यांना शर्यतीशी देणंघेणं नव्हतं त्यांनी कोंडी भोगली. पुढच्या वर्षीची फेरी रद्द झाली ती राज्यातल्या सत्ताबदलानंतर, आयोजन कराराच्या वादातून. वाहतुकीपुरतं पाहिलं तर प्रेक्षकांची सोय झाली आणि बिल नागरिकांच्या नावावर गेलं. शर्यत गावाबाहेर न्या म्हटलं की प्रेक्षक अडकतो, गावात आणा म्हटलं की गाव अडकतं. यातला मार्ग झांडफोर्टने दाखवला: शर्यत गावाच्या कडेला, रूळ तिच्या दारात.

५. जामठ्याची घरची परीक्षा

फॉर्म्युला वन रोज येत नाही. हाच प्रश्न आपल्याकडे दर मोठ्या क्रिकेट सामन्याला येतो. नागपूरच्या वर्धा रोडवरच्या जामठ्याच्या मैदानात २००८ पासून आंतरराष्ट्रीय सामने होतात. क्षमता पंचेचाळीस हजारांच्या आसपास. शहराबाहेर, एका महामार्गाला लागून. दिवस-रात्र सामना संपतो रात्री दहाच्या पुढे. मेट्रोची नारिंगी मार्गिका खापरीकडे संपते, मैदान आणखी पुढे. २०२२ च्या डिसेंबरात केंद्राने मंजूर केलेल्या दुसऱ्या टप्प्यात मिहानहून जामठ्यावरून बुटीबोरीकडे जाणारा मार्ग आहे. म्हणजे मैदान आधी, रूळ पंधरा-वीस वर्षांनी. क्रम उलटा, पण निदान क्रम आहे.

कारंज्याच्या माणसाची भूमिती इथे आणखी वाकडी होते. जामठा नागपूरच्या दक्षिणेला, त्याचं घर पश्चिमेला अमरावती रोडवर. मेट्रोने किंवा शहरबसने सीताबर्डी-गणेशपेठेत जाणं म्हणजे घराच्या दिशेपासून दूर जाणं, आणि तिथे रात्री अकराला एसटीची वाट पाहत उभं राहणं. मोटार असेल तर बाहेरच्या रिंगरोडने गोंडखैरीला निघून सरळ कोंढाळी. म्हणून तो मोटार काढतो आणि त्याला कोणी दोष देऊ नये. त्याच्या जागी मीही तेच करीन. माझा आक्षेप त्याच्या निवडीवर नाही. त्याच्यासमोर एकच दार उघडं ठेवून वर त्याला निवड म्हणणाऱ्यांवर आहे.

दुचाकीबद्दल वेगळं बोललं पाहिजे, कारण खेड्यातली निम्मी तरुण पोरं दुचाकीवरच जातात. पार्किंगमधून बाहेर पडायला तिच्याइतकं चपळ साधन नाही. ती फटीतून निघते. पण पुढचे ऐंशी किलोमीटर ट्रकांच्या रांगेतून, मध्यरात्री, दिवसभराच्या उन्हानंतर आणि ओरडून बसलेल्या घशाने करायचे असतात. पहिल्या दोन किलोमीटरसाठी ती सर्वात चांगली आणि उरलेल्या सगळ्यांसाठी सर्वात वाईट. दोन्ही टोकांची तुलना करून निर्णय घ्यायचा तर घरच्या माणसांना विचारा, मित्रांना विचारू नका.

काही आक्षेप

पहिला आक्षेप: स्वतःची गाडी म्हणजे स्वातंत्र्य, ते का सोडावं? गाडी स्वातंत्र्य देते हे खरं, पण जिथे बाकीचे नसतात तिथेच. पार्किंगमधल्या तेहतीस हजार गाड्यांतली एक असलेली गाडी आपल्या मालकाला कुठेही नेत नाही; उलट ती सोडून चालत निघून जाण्याचीही मुभा त्याला राहत नाही. पायी आलेला माणूस निदान चालू लागतो. दोन किलोमीटर चालायला अर्धा तास पुरतो, आणि माणसांची वाट मोटारींच्या वाटेपेक्षा कितीतरी जास्त लोक वाहते. जपानमध्ये सुझुकाच्या शर्यतीला लोक सुझुका सर्किट इनो स्थानकावर उतरून चालत जातात किंवा शिरोको स्थानकावरून बसने येतात. चालणं हे आपल्याकडे वाहतुकीच्या आराखड्यात धरतच नाहीत. ते गरिबाचं दुर्दैव समजतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. बंदी घालायला सगळे तयार असतात, बस द्यायला कोणी नसतं. बरोबर आहे. नाशिकच्या २०१५ च्या सिंहस्थात पहिल्या पर्वणीला बंदोबस्त इतका कडक होता की भाविकांना मैलोन्‌मैल चालावं लागलं, आणि पुढच्या पर्वण्यांना तो सैल करावा लागला. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी बस आणि तिची स्वतंत्र पदरी, मग मोटारींवर मर्यादा. उलट क्रमाने केलेली योजना लोकांना शिक्षा वाटते, आणि ती तशीच असते.

तिसरा: म्हातारे, अपंग, लेकुरवाळ्या बाया चालतील कशा? त्यांच्यासाठीच फाटकाजवळची जागा राखून ठेवता येते, जर ती धडधाकट माणसांच्या मोटारींनी अडवली नसेल तर. आज फाटकाजवळचं पार्किंग सर्वात महाग विकलं जातं. म्हणजे ज्याला चालता येत नाही त्याच्यापेक्षा ज्याच्याकडे पैसे आहेत तो जवळ.

चौथा आक्षेप शेतकऱ्याचा आहे आणि तो मला खरा वाटतो: शर्यतीच्या तीन दिवसांत शेत पार्किंगला देऊन चार पैसे मिळतात, ते का बुडवता? बुडवायला नकोत. बसचे तळही कोणाच्या तरी शेतातच होणार, आणि मैदानापासून दूर पक्क्या रस्त्यालगतची जमीन त्यासाठी जास्त कामाची. फक्त भाडं फाटकाजवळच्या दोन-चार जमीनमालकांऐवजी जरा पसरून मिळेल.

आणखी एक टीका वेगळ्या दिशेने येते: मोटारींच्या शर्यतीच मुळात प्रदूषण, त्यांची वाहतूक कशाला सुधारायची? फॉर्म्युला वनने स्वतः २०१८ च्या हंगामाचा हिशोब जाहीर केला, तो २,५६,५५१ टन कार्बन डायऑक्साइडचा होता. त्यात ट्रॅकवर धावणाऱ्या मोटारींच्या इंजिनांचा वाटा ०.७ टक्के. बाकी सगळं सामान, माणसं आणि कारखाने हलवण्या-चालवण्याचं. आणि प्रेक्षकांनी शर्यतीपर्यंत केलेला प्रवास या बेरजेत धरलेलाच नव्हता. ट्रॅकवरच्या मोजक्या गाड्यांच्या धुराकडे बोट दाखवताना भोवतीच्या हजारो गाड्या नजरेतून सुटतात. टीकाकारांच्याही आणि आयोजकांच्याही.

तिकिटात काय असावं

या सगळ्याचा व्यवहारी निष्कर्ष एकच निघतो: आसन आणि परतीचा प्रवास वेगळे विकू नयेत. मेलबर्नच्या अल्बर्ट पार्कमधल्या शर्यतीला तिकीटधारकांसाठी खास ट्रॅम मोफत असतात. जर्मनीत २००६ च्या फुटबॉल विश्वचषकात सामन्याच्या तिकिटावरच शहरातली बस-रेल्वे चालत होती. तिथे कोणी ‘कशाने जायचं’ असा प्रश्न विचारत बसत नाही, कारण उत्तराचे पैसे आधीच दिलेले असतात. पैसे दिलेली बस सोडून माणूस पुन्हा पार्किंगचे पैसे भरायला नाखूश असतो, आणि ही मानसिकता नागपुरी माणसातही पुरेशी आहे.

आयोजकांनाही यात तोटा नाही. कोणत्या दिशेला किती माणसं जाणार हे त्यांना शर्यतीआधीच कळतं. आज ते शर्यत संपल्यावर पोलिसाच्या शिट्टीवरून कळतं. जामठ्याच्या सामन्याचं तिकीट ऑनलाइन घेताना ‘परत कुठे जाणार’ एवढा एक रकाना भरून घेतला तर अमरावती रोडकडे किती, उमरेडकडे किती, भंडाऱ्याकडे किती, हे आठ दिवस आधी हातात येईल. मोबाइलवरून टॅक्सी बोलावण्याच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. चाळीस हजार फोन एकाच वेळी एकाच मनोऱ्यावर येतात, आणि टॅक्सी आली तरी ती त्याच रांगेत उभी राहते.

कारंज्याहून निघायचं तर

हे सगळं होईपर्यंत काय करायचं, हा प्रश्न उरतो. माझं उत्तर नवं नाही, वारीचं आहे. लग्नाच्या वऱ्हाडासाठी आपण एसटी प्रासंगिक करारावर घेतो. तशीच चाळीस-चव्वेचाळीस माणसांनी मिळून सामन्याला किंवा शर्यतीला घ्यावी. तळेगावचं आगार जवळ आहे. बसने मैदानाच्या दाराशी जाण्याचा हट्ट धरू नये. रिंगरोडलगत, परतीच्या दिशेला तोंड करून, मैदानापासून दोन-अडीच किलोमीटरवर ती उभी करावी आणि तिथपर्यंत चालत यावं. रांगेत अडकायचं ते माणसांनी, चालत. बसने अडकायचं नाही. ऐंशी किलोमीटर मागच्या बाकावर झोपून जाता येतात आणि गाडी चालवणारा माणूस दिवसभर उन्हात ओरडलेला नसतो.

यात एक अडचण आहे आणि ती लहान नाही. करारात आगारापासून गावापर्यंत आणि परत रिकाम्या धावण्याचे किलोमीटरही मोजले जातात, शिवाय मैदानाबाहेर सहा-आठ तास बस उभी ठेवण्याचा आकार लागतो. चव्वेचाळीस आसनं भरली तर हा खर्च माणशी हलका होतो, तीस भरली तर लोक पुन्हा दुचाकीकडे वळतात. वारीसाठी महामंडळ गावातून थेट बस देतं, तसंच मोठ्या सामन्यांसाठी आणि शर्यतींसाठी तालुक्याच्या ठिकाणांहून ठराविक दराची, येण्या-जाण्याची, आगाऊ आरक्षणाची बस जाहीर करावी आणि रिकाम्या फेरीचा व उभ्या बसचा भार आयोजकांकडून घ्यावा. त्यांच्याकडे तिकिटाचे पैसे आधीच जमा झालेले असतात.